दुसऱ्या गाडीतला गिअरबॉक्स

गाडी जागची हलत नव्हती, पण बंदही पडली नव्हती. इंजिन चालू होतं, एसीचा गार वारा तोंडावर येत होता, रेडिओवर कुणीतरी हसत होतं. मी पाय दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, काटा वर चढायचा आणि गाडी होती तिथंच. नाशिक रस्त्यावर, कुरुळीच्या थोडं अलीकडे, कंपन्यांच्या बसेस नुकत्याच पुढे गेल्या होत्या. मागे एक कंटेनर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. आरशात तो मला दिसत होता. आपण काहीतरी करायला हवं हे कळतही होतं. तरी मी तशीच पाय दाबून बसले होते.

शेवटी तो ड्रायव्हर उतरून आला. काचेवर टकटक करून म्हणाला, "मॅडम, न्यूट्रल में डालो, धक्का देते हैं." त्यानं आणि दोन मोटारसायकलवाल्यांनी मिळून गाडी कडेला लावून दिली. मी त्यांना धन्यवाद म्हटलं की नाही, ते आठवत नाही.

कडेला एक रसवंती होती. ती चालवणारी बाई कुरुळीचीच असावी. तिनं प्लॅस्टिकची खुर्ची सावलीत सरकवली.

"बस हितं. उन्हात कशाला हुबी ऱ्हातीस?" मग पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "मालकांना फोन केला का?"

"करते," मी म्हणाले.

मालक जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पण ते तिला सांगायचं म्हणजे पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, कसं झालं, काय झालं, मुलंबाळं किती. तिनं हळहळ केली असती आणि मला तिच्या हळहळीला तोंड द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा "करते" हे सोपं होतं. मी फोन कानाला लावून थोडा वेळ बसलेही.

ही गाडी आमच्याकडे आली ती माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यामुळे. लातूरकडून आम्ही इकडे आलो ते त्यांच्या नोकरीसाठी. चाकणच्या एका कंपनीत ते शॉपफ्लोअरवर, मशिनींवर होते. तिथं फोर्कलिफ्टचा धक्का लागून त्यांचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालता यायला लागलं, पण क्लच दाबण्याइतका पाय वाकेना. तेव्हा आम्ही ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. "डावा पाय आता कायमचा सुट्टीवर," असं ते येईल त्याला सांगायचे. मोशीहून रोज सकाळी आम्ही दोघं निघायचो. कुरुळीत एका छोट्या फॅब्रिकेशनच्या युनिटमध्ये मी बिलिंगचं काम करते. मला तिथं सोडून ते पुढे चाकणला जायचे. एका सकाळी मला सोडून गेले आणि दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाच्या रांगेत उभे असताना खाली बसले. एवढंच. तिथल्या लोकांनी मला नंतर सांगितलं की ते पडले नाहीत, बसले. हे सांगताना त्यांना वाटत होतं की मला त्यानं बरं वाटेल.

गाडी कंपनीच्या पार्किंगमध्येच राहिली. ती तिथं आहे हेसुद्धा मला आठवलं नाही. काही आठवड्यांनी सिक्युरिटीतून फोन आला, मॅडम, जागा लागते आहे, गाडी घेऊन जा. मग धाकटे दीर लातूरहून येऊन ती आमच्या सोसायटीखाली लावून गेले. तिच्यावर इतकी धूळ बसली की पोरं बोटानं त्यावर नावं लिहायची. ती नावं वाचून मी गाडी शिकायची ठरवली, असं म्हटलं तर खोटं ठरेल. सहाआसनी रिक्षेची वाट बघून पाय दुखायचे, म्हणून शिकले. मोशीत नव्या सेक्टरांचे मोकळे रस्ते आहेत, तिथं शिकले. मला क्लचची गाडी आजही येत नाही.

रसवंतीवाल्या बाईनं न सांगता एक ग्लास रस पुढ्यात ठेवला. तो पिऊन मी गाडीकडे गेले. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात सर्व्हिसचं स्टिकर होतं, थेरगावातल्या एका गॅरेजचं. तिथं फोन केला.

"गिअर डी वर टाकल्यावर नुसती घुरघुर करती का?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"हो."

"मग कुणाला दोरी लावून ओढू दिऊ नका. ऑटोमॅटिक हाय ना, वढली की आतलं हाय ते बी जाईल. मी उचलून आणनारी गाडी धाडतो."

मी ऑफिसला कळवलं आणि गाडीबरोबर थेरगावला गेले. डांगे चौकातून आत वळलं की गल्लीत ते गॅरेज आहे. वर चार मजल्यांची इमारत, खाली गॅरेज. मालक पन्नाशीचा, थेरगावचा जुना रहिवासी. त्यानं बॉनेट उघडलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब न्हाई आले?"

"ते गेले."

"कुटं, गावाला?"

"वारले," मी म्हणाले. "माघात."

त्यानं बॉनेटवरचा हात काढला. फडक्याला पुसला. मग सरळ गाडीखाली शिरला, हे मला बरं वाटलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एका डबीत काळं ऑइल होतं. त्यानं ती माझ्या नाकाजवळ धरली. करपलेल्या दुधासारखा वास आला.

"ह्ये ऑइल कवाच बदललेलं न्हाई," तो म्हणाला. "साहेबांना मी सांगितलं व्हतं. ते म्हनायचे, गाडीची कंपनी म्हनती जन्मभर चालतं."

माझा नवरा घरातला गॅसचा पाइप मुदतीच्या आधी बदलणारा माणूस होता. मी ऐकून घेतलं.

"गिअरबॉक्स गेला ताई. आता दोन रस्ते हायेत. एक, ह्योच उघडायचा. आतल्या क्लचच्या प्लेटी, सील, जे जळलंय त्ये समदं नवं टाकायचं आन बाकीचं साफ करून परत जुळवायचं. रिबिल्ट म्हनत्यात त्याला. भोसरीत एक मानूस हाय, त्योच करतो ह्ये काम. पर त्याच्याकडं रांग असती. महिना धरून चाला. त्यो वॉरंटी देतो."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हंजी वापरलेला. हीच गाडी, हेच मॉडेल, कुटंतरी ठोकल्यालं असतं. त्याचा बॉक्स काढायचा आन हितं बसवायचा. हाय तसा. आठवड्यात गाडी तुमच्या दारात. सस्ता बी पडंल. पर आतून त्यो कसा हाय, ते मला बी दिसत न्हाई आन तुमाला बी न्हाई. चालला तर तुमच्या जुन्यापरीस जास्त चालंल. न्हाईतर चार म्हैन्यांत परत माझ्या दारात."

"तुम्ही काय केलं असतं?"

तो हसला. "मला इचारू नका. मी सांगितलं आन चुकलं, तर तुमी जनमभर माझं नाव घ्याल. बरोबर आलं, तर इसरून जाल."

विचार करून सांगते, असं म्हणून मी निघाले. त्या दिवसांत मी सगळ्यांना हेच सांगत असे. विम्याच्या माणसाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, कपाटातले शर्ट द्यायचे का म्हणून विचारणाऱ्या नणंदेला. विचार करते. आणि मग मी विचार करत नसे. एखाद्या गोष्टीकडे मन न्यायचं म्हटलं की ते अर्ध्या वाटेत थांबायचं, त्या सकाळच्या गाडीसारखं. दुखत नव्हतं. लोकांना वाटे मी धीराची आहे.

रात्री दिरांचा फोन आला. ते लातूरला शाळेत शिक्षक आहेत.

"वहिनी, रिबिल्टच करा," ते म्हणाले. "दादाच्या गाडीचा ओरिजिनल बॉक्स आहे. सेकंडहँडचा काय भरवसा? चोरीचासुद्धा असतो."

"गाडीच सेकंडहँड घेतली होती भाऊजी."

"तसं नव्हे. पण दादानं वापरलेला आहे तो."

मी बरं म्हटलं. मला वाटलं, झालं, ठरलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजला फोन करून रिबिल्ट करा म्हणून सांगायला बसले, तर तिकडून तोच म्हणाला, "ताई, चिखलीच्या बाजूला एका भंगाराच्या यार्डात तुमच्यासारखीच गाडी आलीया. मागनं पार चांगली हाय. बॉक्स अजून गाडीतच हाय, काढल्याला न्हाई. एकदा नजरंखालनं घाला, मग काय ते ठरवा."

मी बरं म्हणाले. मला कुणालाही नाही म्हणायला जमत नव्हतं.

रविवारी तो मला त्याच्या गाडीतून तिकडे घेऊन गेला. पत्र्याच्या शेडांची रांग, मधे कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना पोटं उघडी पडलेल्या गाड्या. आमच्यासारखीच गाडी एका भिंतीलगत उभी होती. रंग वेगळा, पांढरा. मागून बघितली तर कुणीतरी आत्ताच लावून भाजी आणायला गेलंय असं वाटावं. पुढून तिला तोंडच नव्हतं.

गॅरेजवाला खाली शिरला. मी उभी होते. गाडीच्या पलीकडून एक साठीचे गृहस्थ वाकून आत बघत होते. गळ्यात मानेचा पट्टा, एका हाताला क्रेप बँडेज. मला वाटलं तेही गिअरबॉक्सच बघायला आलेत.

"तुम्हालाही हाच हवा आहे का?" मी विचारलं.

"काय?"

"गिअरबॉक्स."

"नाही, नाही," ते म्हणाले. "गाडी आमचीच आहे. होती. मी एक उशी शोधतोय."

त्यांच्या बोलण्यात कोकणातला हेल होता. मी विचारलं, "कसली उशी?"

"पाठीला लावायची. ड्रायव्हरच्या सीटवर असायची. हिनं स्वतः शिवलेली, जुन्या लुगड्याची." मग जरा थांबून, "इन्शुरन्सवाल्यांनी गाडी इथं विकली. मला वाटलं उशी हॉस्पिटलच्या सामानात आली असेल. नाही आली."

ड्रायव्हरची सीट गाडीत नव्हतीच. यार्डवाल्यानं दाखवलं, शेडच्या मागे काढलेल्या सीटांचा ढीग होता. त्या माणसाला मान वळवता येत नव्हती, एक हात धड नव्हता. मी पदर खोचला आणि ढिगात शिरले. सीटा उचलून बाजूला टाकल्या. हाताला ग्रीस लागलं, एका सीटखालून उंदीर पळाला. मी ते सगळं अगदी शांतपणे करत होते. स्वतःच्या कपाटातले शर्ट मला हलवता येत नव्हते आणि इथं मी परक्या माणसाची उशी शोधत होते.

उशी सापडली. तळाशी दबून चपटी झालेली, एका कडेला ऑइलचा डाग. हिरव्या इरकली काठाची. त्यांनी ती घेतली, झटकली, आणि छातीशी वगैरे न धरता नीट घडी करून पिशवीत ठेवली.

"तुम्ही घेताय का बॉक्स?" त्यांनी विचारलं.

"ठरलं नाही. आमचा जळलाय. तो रिबिल्ट करायचा की हा घ्यायचा, असं चाललंय."

"चांगला आहे तो," ते म्हणाले. "म्हणजे मला गाडीतलं काही कळत नाही. गाडी हिची होती. हीच चालवायची. मी कधी शिकलो नाही, मी बाजूला बसायचो."

"मीही बाजूलाच बसायचे," मी म्हणाले.

त्यांनी पूर्ण अंग वळवून माझ्याकडे बघितलं, कारण मान वळत नव्हती.

"आता?"

"आता मी चालवते."

ते मान हलवायला गेले, पट्ट्यामुळे हलली नाही. मग सावकाश बोलत राहिले. बायको बँकेत होती. रिटायर झाल्यावर हौसेनं ही गाडी घेतली, रत्नागिरीपर्यंत न थकता चालवायची. कोणी पुढे घुसलं तर शिव्या द्यायची नाही, "जा बाबा" म्हणायची. त्या दिवशी एक टेंपो चुकीच्या बाजूनं आला. तिच्या बाजूला लागला.

"मला फार काही झालं नाही," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज सपाट होता. तो आवाज मला ओळखीचा वाटला. गेले कित्येक महिने मी फोनवर त्याच आवाजात बोलत होते.

"ऑइल बदलायच्या का त्या?" मी विचारलं.

"गिअरबॉक्सचं ना? बदलायची. त्यावरून गॅरेजवाल्याशी भांडणसुद्धा झालं होतं. तो म्हणे, याला लागत नाही. ही म्हणाली, आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तर बदलायचं."

तेवढ्यात गॅरेजवाला बाहेर आला. पांढऱ्या फडक्यावर त्यानं ऑइलचे थेंब आणले होते. लालसर, स्वच्छ. त्यानं ते मला दाखवलं, वास घ्यायला लावला. कसलाच वास नव्हता.

"बरा हाय," तो हळूच म्हणाला. "खात्री मी देत न्हाई. पर बरा हाय."

त्या गृहस्थांनी आमच्याकडे बघितलं. "घ्या तुम्ही," ते म्हणाले. "नाहीतरी कुणीतरी नेणारच. तुम्ही नेलात तर..." आणि वाक्य तिथंच सोडलं. रिक्षा थांबवून ठेवलीय म्हणाले आणि पिशवी घेऊन गेले. मी त्यांना नाव विचारलं नाही, त्यांनीही नाही.

मी गॅरेजवाल्याला म्हणाले, "हाच बसवा."

हे मी का म्हटलं ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. त्या माणसाची कीव आली म्हणून नाही. कीव यायलाही आत काहीतरी हलावं लागतं. मला वाटतं, पहिल्यांदाच कुणीतरी मला त्या वस्तूबद्दल खात्रीनं काही सांगितलं होतं. आमच्या बॉक्समध्ये आत काय चाललंय ते कुणी कधी बघितलं नव्हतं. याच्याबद्दल एका बाईनं भांडण केलं होतं.

घरी सासूबाईंना सांगितलं. माझा नवरा गेल्यापासून त्या माझ्याकडेच राहतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली.

"त्या बाईचा जीव गेला त्या गाडीत," त्या म्हणाल्या. "आन तू तिच्यातलं सामान काढून आपल्या गाडीत घालायलीस? काय म्हणावं तुला. अपशकुन म्हणून काही असतंय की नाही?"

"आत्याबाई, आपल्या गाडीत तरी जिवंत माणसाचं काय आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं. आवाज चढला नव्हता, तसाच सपाट होता, म्हणून ते आणखी वाईट लागलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लसूण घेतली आणि पुन्हा सोलायला लागल्या.

"त्याचा रुमाल होता तिच्यात," त्या म्हणाल्या. "दाराच्या खणात. मी काढून आणलाय. तुला सांगितलं नव्हतं."

म्हणजे त्या खाली जाऊन गाडी उघडून आल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या गाडीच्या जवळून जायच्या नाहीत, पार्किंगमधून बाहेर पडताना लांबचा फेरा घ्यायच्या, असं मी समजत होते. भांडण झालं नाही. आम्ही जेवलो, त्यांनी त्यांचं अंथरूण घातलं.

बॉक्स बसवायला आठवड्यापेक्षा जरा जास्त लागला. गॅरेजवाल्यानं फोन करून विचारलं, "जुन्याचं काय करू ताई? भोसरीवाला मागतोय. त्यो उघडून बनवंल आन ठेवंल, कुणाला लागला तर."

"देऊन टाका," मी म्हणाले.

दिरांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच फोन करून विचारलं, गाडी कशी चालते. चांगली चालते, मी म्हणाले, आणि ते खरं होतं. अजूनही चालते. हा बॉक्स चढावर जुन्यापेक्षा थोडा उशिरा गिअर बदलतो, तेवढाच फरक. आधी मला तो प्रत्येक वेळी जाणवायचा, पाय आपोआप सैल व्हायचा. आता जाणवत नाही. रसवंतीसमोरून जाताना ती बाई कधीकधी हात करते. तिला मी अजूनही काही सांगितलेलं नाही.

गाडी घरी आली तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार, कंपन्यांची सुट्टी, आमच्या युनिटलाही. सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर आत्याबाई चप्पल घालून दारात उभ्या. हातात छोटी वाटी, तिच्यात हळद आणि कुंकू.

"चल खाली," त्या म्हणाल्या. "नवी वस्तू बसवलीय. तशीच कशी चालवायची?"

"तुम्हीच म्हणालात ना, अपशकुन."

"म्हणूनच म्हणायलेय चल."

पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. वॉचमन लांब पाण्याच्या टाकीपाशी होता. त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि मग थबकल्या. मलाही कळलं. कुंकू लावायचं तर कुणी? त्यांचं कुंकू जाऊन वीस वर्षं झाली होती, माझं एक वर्षही नाही. गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा शेजारच्या बाईनं ओवाळलं होतं. वर जाऊन कुणाला तरी बोलवावं लागणार, आणि मग सगळं सांगावं लागणार, कुठला गिअरबॉक्स, कुणाचा, का.

"शेजारच्या वहिनींना हाक मारू का?" मी म्हणाले.

आत्याबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "कोण बघायलंय इथं?" त्या म्हणाल्या. मग वाटी माझ्यापुढे धरली. "कुठं बसवलंय ते?"

"खाली आहे. इंजिनाच्या बाजूला."

"मग वरूनच लाव. पोचतंय त्याला."

मी बॉनेटवर बोटानं हळद लावली, कुंकू लावलं. आत्याबाईंनी माझ्यानंतर स्वतःच्या बोटानं तिथंच आणखी एक लावलं. हात जोडले आणि पुटपुटल्या, "बाई गं, तुझंच आहे हे. सांभाळून घे हिला."

त्यांना त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी वाटी गाडीच्या छपरावर ठेवली, पुन्हा उचलली.

त्यांनी पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या. तो असताना त्या आमच्याकडे आल्या की या गाडीत नेहमी मागे बसायच्या. पट्टा कसा लावायचा ते मला लावून द्यावं लागलं.

"कुठं जायचं?" मी विचारलं.

"तो जायचा तिथं."

त्यांनी आपल्या मुलाची कंपनी कधी बघितली नव्हती. तो गेला तेव्हाही त्यांना थेट हॉस्पिटललाच नेलं होतं. मीही त्या दिवसानंतर कुरुळीच्या पुढे गेले नव्हते. मी गाडी काढली. गुरुवार असल्यामुळे रस्ता रिकामा होता. कुरुळी मागे टाकलं तेव्हा मला वाटलं काहीतरी होईल, पण काही झालं नाही. कडेला उभ्या ट्रकांच्या रांगा, गोदामं, मेसच्या पाट्या, रूम भाड्याने देणे आहे. कंपनीच्या गेटपाशी मी गाडी कडेला घेतली. गेट बंद होतं. आत झाडांना पाणी घालायचा पाइप चालू होता.

सिक्युरिटीचा माणूस बाहेर आला. "किस से मिलना है?"

"कुणाला नाही," आत्याबाई मराठीतच म्हणाल्या. "बघायला आलोत."

त्याला काय वाटलं कोण जाणे, पण तो परत जाऊन त्याच्या खुर्चीत बसला. आत्याबाई काच खाली करून बघत होत्या. बघण्यासारखं काही नव्हतं, लांबलचक निळी शेड आणि पार्किंगच्या पांढऱ्या रेघा.

"गाडी कुठं लावायचा?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी कधी आत आले नाही."

"मोठी आहे की," त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "चल."

परत येताना मोशीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक माणूस टेंपोत मेथी घेऊन बसला होता. आत्याबाईंनी गाडी थांबवायला लावली. घासाघीस करून दोन जुड्या घेतल्या, पायाशी ठेवल्या. सगळ्या गाडीत मातीचा आणि मेथीचा वास पसरला. घरी आल्यावर आम्ही समोरासमोर बसून ती निवडली. त्या देठ काढत होत्या, मी पानं खुडत होते. मेथी कोवळी होती. मी त्यांना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी शर्ट काढू या का कपाटातले?"

"काढू की," त्या म्हणाल्या. "एखादा मला ठेव. पांढरा."